वास न येणारा पाय

नाकबाईला घाण अजिबात सहन होत नसे आणि त्याचाच तिला पगार मिळे.

दूध डेअरीच्या फाटकाशी सिमेंटचा लांबलचक ओटा होता. सकाळी गाड्या लागत, दुधाचे कॅन ओट्यावर उतरत, आणि ती एकेकाचं झाकण उचलून, उलटं करून, नाकाशी नेई. वास दुधापेक्षा झाकणात जास्त कोंडलेला असतो. आंबट, गोठ्याचा, साबणाचा, औषधाचा, एका श्वासात तिला कळायचं. मग ती नुसतं "घ्या" म्हणे किंवा "बाजूला" म्हणे. झाकण हातात असताना तिसरा शब्द कुणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ह्या नोकरीपायी तिनं कधी सुवासिक साबण लावला नाही, डोक्याला तेल लावलं नाही, कच्चा कांदा खाल्ला नाही. नाक म्हणजे पोटच्या पोरासारखं सांभाळावं लागतं, म्हणे ती. लग्न तिनं केलं नव्हतं. त्याचं कारण तिचा थोरला भाऊ येईल-जाईल त्याला सांगे, "आलेलं प्रत्येक स्थळ हिनं झाकणासारखं हुंगलं आणि बाजूला केलं."

ह्या भावाचं, म्हणजे दादाचं, सलून होतं. रस्त्याच्या तोंडाला सलून, पडद्यामागं दादा-वहिनींची खोली, त्यामागं स्वयंपाकघर आणि जिना चढून गेलं की नाकबाईची खोली. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून दादानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. तापात तिला ओकारी आली तर भांडं शोधत न बसता हा माणूस ओंजळ पुढं करायचा. सगळा संसार त्यानं दोन पायांवर उभं राहून ओढला. "उभं राहता येतंय तोवर मी राजा," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बसून केस कापणारा कारागीर कुणी पाहिलाय?

तर अशा राजाला पाडलं एका केसानं. सलूनमध्ये जन्म काढलेल्यांनाच ठाऊक असतं, कापलेला आखूड केस सुईसारखा असतो. चपलेत शिरतो, बोटांच्या बेचक्यात रुततो. धडधाकट माणूस शिवी हासडून तो उपटून काढतो आणि कामाला लागतो. दादाला साखरेचा आजार. पाय कधीचे बधिर झालेले. केस रुतला, आत सरकला, पिकलं, पिकता पिकता तळव्याला भोक पडलं, आणि पठ्ठ्या त्याच पायावर उभा राहून गावाच्या दाढ्या करत होता.

"वहिनी, घरात काहीतरी मेलंय," नाकबाई एका सकाळी म्हणाली.

वहिनीनं कपाट सरकवलं, शेगडीखाली झाडू घातला, उंदीर काही मिळेना. नाकबाई वास घेत घेत स्वयंपाकघरातून खोलीत आली, खोलीतून पडद्यापाशी, आणि आरशासमोर उभ्या असलेल्या दादाच्या पायाशी येऊन थांबली. त्यानं मोजा काढला. तो मोजा कातडीपासून सुटताना जो आवाज झाला, तो तिला पुढं कितीतरी दिवस जेवताना आठवायचा आणि घास तोंडात फिरायचा.

लोक सांगतात, माया असली की घाण दिसत नाही. ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या नाकात बोळे असणार. हॉस्पिटलातली मलमपट्टी सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या, पण वास काही हलेना. कुजलेलं लोणी, ओली फडकी आणि गटाराचं झाकण एकत्र केल्यासारखा वास. तो पडद्यात बसला, गाद्यांत बसला, पाण्याच्या माठावर तरंगायला लागला. नाकबाई जेवणाचं ताट घेऊन वर जाऊ लागली. कामावरून येताना सलूनमधून आत न येता मागच्या बोळानं यायची, म्हणजे दादाची गाठ पडायला नको. वहिनी बिचारी रोज पट्टी बदलायची, आणि बदलून झाली की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. नळ सोडायची ती हात धुवायला नव्हे. ओकारीचा आवाज नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. रात्री ती स्वयंपाकघरात झोपायला लागली. "आत उकडतं फार," म्हणायची. दादानं विचारलं नाही की स्वयंपाकघरात काय वारं सुटलंय का.

आणि गिऱ्हाइकं. एक जण तर अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीवरून उठला, "जरा फोन करून येतो" म्हणाला, तो तोंडाला फेस घेऊन चौक ओलांडून समोरच्या सलूनमध्ये शिरला. दादा वस्तरा हातात धरून दारात उभा राहून त्याच्याकडं बघत राहिला.

त्या दिवशी नाकबाई स्वतः हॉस्पिटलात गेली. पट्ट्या बांधायच्या खोलीत एक सिस्टर होती, सावकाश बोलणारी, स्थिर हाताची. तिच्यासमोर बसून नाकबाई म्हणाली, "सिस्टर, वासाचं काहीतरी करा."

पाय वाचवा, असं ती म्हणाली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं तिलाच ते विसरता आलं नाही.

सिस्टरनं कपाटातून एक पाकीट काढलं. आत तळहाताएवढं कापड, दोन पांढऱ्या थरांच्या मधे काळंकुट्ट. "हातात घ्या," ती म्हणाली. नाकबाईनं घेतलं, पण घेतल्यासारखं वाटेना. काही वजनच नव्हतं. "कोळसा आहे हा. कापडच बेतानं भाजून त्याचा कोळसा केलेला आहे, धागे तसेच ठेवून. आत इतकी बारीक छिद्रं असतात की डोळ्यांना दिसायची नाहीत. वास त्यात जाऊन अडकतो. विष प्यालेल्या माणसाला आम्ही कोळशाचीच भुकटी पाजतो, तीही अशीच, पोटातलं विष धरून ठेवते."

"म्हणजे वास जाईल."

"बाहेर यायचा थांबेल," सिस्टर म्हणाली. "जखम ह्यानं बरी होत नाही, नीट ऐका. रोज सोडायची, डोळ्यांनी बघायची, धुवायची, मग नवी बांधायची. कापड भिजलं की गेलं कामातून. आणि त्यांना पायावर उभं राहू देऊ नका."

नाकबाईनं पाकिटांचा गठ्ठा पिशवीत टाकत मान डोलावली. पण खरं सांगायचं तर "थांबेल" ह्या शब्दानंतरचं तिनं कानाआडच टाकलं.

संध्याकाळी वहिनीनं काळं कापड बांधलं. नाकबाई जिन्यावर नाकाला पदर लावून उभी. थोड्या वेळानं तिनं पदर जरासा बाजूला केला. मग पूर्ण काढला. मग एकेक पायरी उतरत खाली आली. घरात चहाचा वास येत होता. दाढीच्या साबणाचा येत होता. ती दादाच्या खाटेपाशी गेली, वाकली, झाकण हुंगावं तसं नाक त्या पट्टीजवळ नेलं आणि म्हणाली, "घ्या."

दादा पोट धरून हसला. वहिनी हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी तिघं एकत्र जेवली.

मग काय, घराचे दिवस पालटले. सलूनचा पडदा धुतला गेला. गिऱ्हाइकं परत आली. अर्ध्या दाढीवाला सुद्धा आला, आणि दादानं त्याला "फोन झाला का?" एवढंच विचारलं. दादा परत उभा राहिला. उभं राहायचं नाही हे सांगायला हवं होतं, पण कोण सांगणार? पाय दुखत तर नव्हताच, आता वासही नाही. वहिनी तिच्या जागेवर झोपायला परत गेली. संध्याकाळी दुकान बंद झालं की दादा पाय स्टुलावर ठेवी, नाकबाईला हाक मारी, "इन्स्पेक्टरीणबाई, या." ती वाके, हुंगे, "घ्या" म्हणे. घरात तो एक खेळच होऊन बसला.

पहिले काही दिवस वहिनी रोज पट्टी सोडत होती. मग एकदा नाकबाईनं "घ्या" म्हटल्यावर तिनं हातातली कात्री तशीच धरून विचारलं, "मग वन्सं, आज नाही सोडली तर चालेल?"

त्या बाईच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की नाही म्हणायला काळीज दगडाचं हवं. आणि नाकबाईलाही ते भोक उघडं पडायला नकोच होतं. "कशाला उगाच चिवडायचं?" ती म्हणाली. "वास नाही म्हणजे काही नाही. माझं नाक खोटं सांगेल?"

दादा म्हणाला, "सोडूच नका. मला तरी कुठं बघवतं ते?"

अशी तिघांची गट्टी जमली. तिघांनाही किळस, आणि किळस वाटते हे तिघांपैकी एकानंही तोंडानं कबूल केलं नव्हतं. कापड बाहेरून ओलसर दिसायला लागलं की वहिनी त्याच्यावरच दुसरं काळं कापड ठेवायची आणि गुंडाळून टाकायची. वास परत गायब. हॉस्पिटलात दाखवायला जायचा दिवस आला की दुकानात गर्दी असायची. नेमकी त्याच दिवशी कशी असते कोण जाणे. पायाची हळूहळू उशी झाली. दादानं कॅनव्हासच्या बुटाचं तोंड कात्रीनं फाडलं, त्यात ती उशी कोंबली आणि उभा राहिला. नाकबाई रोज वाकत होती आणि रोज "घ्या" म्हणत होती.

एका रविवारी दुपारी दुकान बंद करून दादा आडवा झाला. दोन दिवस तो पाणी फार पीत होता, तांब्यावर तांबे. बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, आणि हा म्हणाला, "छोटे, पंखा बंद कर. थंडी वाजतेय."

ती चादर घेऊन आली. चादर मानेपर्यंत ओढताना त्याचा श्वास तिच्या तोंडावर आला आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

गोड वास होता. पिकून उतरलेल्या फळासारखा, वर जरासा नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा. हा वास तिच्या ओळखीचा होता. गाय आतून आजारी पडली, खाल्लेलं अंगी लागेनासं झालं की तिच्या दुधाला असाच वास येतो. वर्षातून एखाद-दुसऱ्या झाकणात सापडायचा. तिच्या तोंडातून सवयीनं शब्द आला, "बाजूला."

"काय?" दादानं डोळे न उघडता विचारलं.

ती पायाकडं गेली, खाली बसली, नाक त्या उशीला लावलं. काही नाही. कशाचाच वास नाही. घामाचा नाही, बुटाचा नाही, कातडीचा नाही.

आणि तिथं बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला. चांगल्या दुधाच्या झाकणाला दुधाचा वास येतो. ज्या झाकणाला कसलाच वास नाही, ते कुणीतरी मुद्दाम घासून आणलेलं असतं. तो कॅन आधी बाजूला काढायचा, हे तिनं नव्या लागलेल्या सगळ्या बायकांना शिकवलं होतं. धडधाकट माणसाच्या पायालासुद्धा पायाचा वास येतो. इतके दिवस ती वास नसलेल्या पायाला "घ्या" म्हणत होती. नोकरीत अशी चूक तिनं कधी केली नसती. घरी केली, कारण घरी तिला तो कॅन उघडायचाच नव्हता.

"वहिनी, कात्री."

वहिनी आली, पाहिलं, मागं सरली. "वन्सं, आज नको. उद्या सिस्टरकडंच जाऊ या."

"कात्री द्या आणि रिक्षा बघा. आत्ताच्या आत्ता."

पहिला थर कोरडा निघाला. दुसरा ओला. तिसऱ्याला हात लावला आणि वास आला, कोंडून ठेवलेला सगळा, एकदम. तिच्या पोटातून जेवण वर आलं. ती उठली, पडदा ढकलून सलूनमध्ये पळाली, आणि गिऱ्हाइकांची डोकी धुवायच्या बेसिनमध्ये भडभडून ओकली. आरशात स्वतःचं तोंड दिसलं. त्या पायाची जेवढी आली नव्हती तेवढी किळस तिला त्या तोंडाची आली. चूळ भरून ती परत येऊन बसली.

चौथं कापड काळं होतं की पिवळं हे कळायला मार्ग नव्हता. चिकट, गिळगिळीत, बोटांना तार सुटत होती. त्याच्याखाली पाय होता असं म्हणायचं झालं तर म्हणा. अंगठा निळा, बाकीची बोटं काळी, तळवा आणि पट्टी ह्यांच्यात फरक राहिला नव्हता. तिनं कापडाचं टोक धरून हळूच वर ओढलं, आणि करंगळी कापडाला चिकटून वर आली.

ती तशीच हातात धरून बसली. दादाला काही कळलं नाही. त्यानं नुसतं विचारलं, "झालं का गं?"

"होतंय," ती म्हणाली.

रिक्षात दादाचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि पाय नाकबाईच्या. रिक्षावाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं, आणि सगळी वाट मान बाहेर काढून रिक्षा चालवली. नाकबाईनं नाकाला पदर लावला नाही. लावावासा वाटत नव्हता असं नाही.

डॉक्टरांनी पाहिलं आणि फार शब्द खर्च केले नाहीत. विष वर चढत होतं, त्यानं साखर भडकली होती. गुडघ्याच्या खाली कापावं लागेल, नाहीतर माणूस जाईल. सही वहिनीनं केली. दादा शुद्धीत येता-जाता एकच विचारत होता, "मला उभं राहता येईल ना?"

बाहेरच्या बाकावर सिस्टर तिच्याशेजारी येऊन बसली. काळी कापडं एकावर एक बांधल्याचं तिनं ऐकलं होतं. रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही.

"मी रोज सोडून बघायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं."

"मग?"

"किळस यायची," नाकबाई म्हणाली. हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. "मी तुमच्याकडं वासाचं मागायला आले होते, सिस्टर. पायाचं मागितलंच नाही."

तेवढ्यात सिस्टरला आतून कुणीतरी हाक मारली.

दादा वाचला. गुडघ्याखाली काही नाही, पण वाचला. घरी आला तेव्हा त्याला सलूनमधून आत न्यावं लागलं, कारण बोळ अरुंद. आपल्याच दुकानात तो पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, धाप घालवायला. आरशात बघत म्हणाला, "इथून दुकान बरंच मोठं दिसतं की." कुणाला हसू आलं नाही.

टाक्यांच्या एका कडेला थोडं पाणी सुटत होतं. घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष ठेवायचं, असं सिस्टरनं सांगितलं होतं. ती पट्ट्यांचं सामान बांधून देत असताना वहिनी हळूच म्हणाली होती, "ते काळं कापड असेल तर द्या ना. गिऱ्हाइकांसमोर बरं पडतं."

"नको," नाकबाई म्हणाली. "पांढरी द्या. साधी."

दुकानात आता पगारी कारागीर उभा राहतो. संध्याकाळी दुकान मिटलं की ती कामावरचे कपडे बदलून येते, दादाच्या समोर बसते आणि पट्टी सोडते. सोडलेली पट्टी झाकणासारखी उलटी करते आणि हुंगते. मग टाक्यांवर वाकते, डोळ्यांनी बघते, परत हुंगते. किळस येते. रोज येते, सवय होईल म्हणतात ते सगळं खोटं आहे. तिचा ओठ वाकडा होतो, आणि दादा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत असतो.

"नाक मुरडलंस," काल तो म्हणाला.

"मुरडलं. जरा आंबूस येतोय. सकाळी सिस्टरला दाखवू."

"एवढी घाण वाटते तर कशाला बसतेस? तुझी वहिनी करेल."

"वहिनीलाही वाटते."

आतून न्हाणीघरातून वहिनीचा ओकारीचा आवाज आला. नळ बंद होता. दादानं तो आवाज शेवटपर्यंत ऐकला, आणि कापलेला पाय स्टुलावर नीट टेकवून नवी पांढरी पट्टी तिच्या हातात दिली.

"बांध," तो म्हणाला. "आणि उद्या परत तोंड वाकडं करायला ये."